व्यक्ती क्रमांक तीन

विघटन केंद्राच्या सातव्या ओट्यावर खरोट्यांचं जुनं धुलाई यंत्र उभं होतं. त्याचं मागचं झाकण काढून ठेवलेलं होतं आणि तारा बाहेर लोंबत होत्या. दुपारचे पावणेतीन वाजले होते. चार वाजता ओट्यावरची सगळी यंत्रं दाबयंत्राकडे सरकणार होती.

वृंदा खरोटे समोरच्या पडद्यावरची नोंद दुसऱ्यांदा वाचत होती. यंत्र मोडीत काढताना मालकाने स्वतः हजर राहून त्याची स्मृती पुसून घ्यावी, असा नियम होता. दहा मिनिटांचं काम आहे, असं तिला फोनवर सांगितलं होतं.

"यात काहीतरी चुकलंय," ती म्हणाली. "इथे तीन व्यक्ती दिसतायत. आमच्या घरात आम्ही दोघंच राहतो."

"कोणी पाहुणे राहिले होते का?" केंद्रातली स्मृती-तंत्रज्ञ रुक्साना तांबोळी हिने विचारलं.

"अडीचशे चौरस फुटांचा फ्लॅट आहे. पाहुणे चहा पिऊन जातात."

रुक्सानाने यंत्राच्या गोल दारावर बोट ठेवलं. दाराच्या कडेला नखाएवढी काळी जाळी होती. "हा गंधवेदक. कपडा आत टाकताना हा तो हुंगतो. घामातली आणि त्वचेच्या तेलातली द्रव्यं मोजतो आणि त्यावरून पाणी किती, साबण किती ते ठरवतो. प्रत्येक माणसाचं मिश्रण वेगळं. त्याला आम्ही स्वेदमुद्रा म्हणतो."

"मी रसायनतज्ज्ञ आहे. धरणाच्या पाण्याची तपासणी करते," वृंदा म्हणाली. "मिश्रण रोज बदलत असणार. जेवण, ताप, उन्हाळा."

"तेवढी सूट धरलेली असते. पण मूळ मुद्रा एकदाच घेतात, कपडा पहिल्यांदा आला की. त्या सुटीच्या पलीकडे काही गेलं, तर यंत्र नवी व्यक्ती समजतं."

"आणि ही तिसरी?"

"बाई आहे. पहिली नोंद चौदा महिन्यांपूर्वीची. कपडे…" रुक्साना जरा थांबली. "चारशे बारा."

दोन वर्षांपासून ती सोमवार ते गुरुवार धरणावरच्या वसतिगृहात राहत होती. त्या चार दिवसांत यशोधन घरी एकटाच असे, निदान तिला तसं वाटत होतं.

"अजून काय दिसतं?"

"सारांशात एवढंच. प्रत्येकाचा तपशील कुलूपबंद असतो. त्याच व्यक्तीचा कपडा वेदकापुढे धरला तरच तो उघडतो."

वृंदा खिडकीपाशी गेली आणि तिने घरी फोन लावला.

"बसवणारे आत्ताच गेले," यशोधनचा आवाज खुशीत होता. "बाथरूमचं दार पूर्ण उघडतंय. सांगितलं नव्हतं तुला?"

नव्या यंत्रासाठी दोघांनी तीन रविवार टेप घेऊन मापं काढली होती. वृंदाला वेदकाचंच यंत्र हवं होतं. ते सहा इंच जास्त खोल होतं, दार अर्ध्यावरच अडलं असतं. यशोधनने बिनवेदकाचं, भिंतीवर बसणारं यंत्र लावून धरलं होतं. "आपले कपडे हुंगायला यंत्र कशाला लागतं?" असंही तो तेव्हा म्हणाला होता. ते वाक्य आता तिला वेगळंच ऐकू आलं.

"यशोधन, मी नसताना आपल्या घरी कोण येतं?"

"म्हणजे?"

"चौदा महिने कोणा बाईचे कपडे आपल्या यंत्रात धुतले जातायत."

"मी येतो तिकडे," तो म्हणाला.

"अंगातला शर्ट बदलू नकोस. त्याला तिचा वास असेल तर यंत्राला कळेल."

तो आला तेव्हा साडेतीन वाजले होते. जिना चढून त्याला धाप लागली होती. ओट्यापाशी येऊन तो हळू आवाजात म्हणाला, "आठवड्यातले चार दिवस मी एकटा जेवतो, वृंदा. कंटाळतो. पण तुझ्याशी खोटं बोललो नाही. काय तपासायचं ते तपास."

त्याने शर्ट उतरवला आणि वेदकापुढे धरला. भर दुपारी परक्या हॉलमध्ये तो बनियनवर उभा होता. वृंदाला त्याच्याकडे बघवेना.

पडद्यावर अक्षरं उमटली. व्यक्ती क्रमांक दोन.

रुक्सानाने त्याच्या तपशिलावरून नजर फिरवली. "अकरा वर्षं, एकही खंड नाही."

"आता तू," यशोधन म्हणाला.

"मी क्रमांक एक आहे. त्याने काय कळणार?"

"तरी धर."

वृंदाने गळ्यातली ओढणी काढून जाळीपुढे धरली. मघापेक्षा यंत्राने जरा जास्त वेळ घेतला.

व्यक्ती क्रमांक तीन.

तिने ओढणी झटकून पुन्हा धरली. उत्तर तेच आलं.

रुक्साना पडद्याजवळ वाकली. "खरोटे मॅडम, यात फक्त तुमचेच कपडे आहेत. आणि क्रमांक एकचा आकडा चौदा महिन्यांत बहुतेक हललेलाच नसणार. ओढणीने तिचं कुलूप उघडलं नाही, म्हणजे…" ती शब्द शोधत राहिली. "तिसरी कोणी घरात आली नाही. पहिली गेली."

वृंदा द्रव्यांचा आलेख वाचू लागली. त्वचेच्या तेलातली तीन द्रव्यं निरोगी माणसापेक्षा चौपट होती. असा आलेख तिने एका चर्चासत्रात पाहिला होता, तेव्हा त्याखाली दुसऱ्याच कुणाचा तरी रुग्णक्रमांक होता. ती ओट्याच्या कडेवर बसली.

"काय झालं?" यशोधनने विचारलं.

"कंपवात असावा. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी त्वचेचं तेल बदलायला लागतं."

"असावा, की आहे?"

"ते डॉक्टर ठरवतील. पण आलेख मला वाचता येतो." तिने त्याच्याकडे पाहिलं. "आणि मी तुला इथे बोलावून बनियनवर उभं केलं."

शर्ट अंगात चढवताना त्याची बटणं वरखाली लागली.

चारला पाच मिनिटं असताना ओट्याखालचे रूळ घरघरू लागले. रुक्सानाने लाल कळ दाबून ते थांबवले. "तुम्ही निरोगी असतानाची मुद्रा फक्त यातच आहे," ती म्हणाली. "उपचारांचा गुण येतोय की नाही, हे कशाशी ताडून बघणार? दार आणि स्मृतिफलक मालकाला परत देता येतात, तुमच्या मुद्रांची कुलुपं मी काढून देते. बाकीचं जाऊ दे."

तिने स्क्रू काढले. ते दार छातीशी धरून यशोधन जिना उतरला. मागे यंत्राचा सांगाडा दाबयंत्रात गेला.

पुढच्याच आठवड्यात तपासण्यांनी वृंदाचं वाचन खरं ठरवलं. औषध नवं होतं, ते इतक्या लवकर सुरू करता आलेले रुग्ण बोटांवर मोजण्याइतके होते. गुण आला तर मुद्रा मागे सरकेल, असा डॉक्टरांचा अंदाज होता. बाथरूममध्ये नव्या यंत्राच्या वर जुनं गोल दार स्मृतिफलकासकट खिळ्याला टांगलं होतं. दर रविवारी सकाळी वृंदा आदल्या दिवशीचा कुर्ता त्यापुढे धरायची. दर रविवारी त्याला जोडलेल्या फोनवर उत्तर यायचं, तीन.

सातव्या महिन्यातल्या एका रविवारी वेदकाने पुन्हा जास्त वेळ घेतला. यशोधन दाढी अर्धी टाकून दारात येऊन उभा राहिला. वृंदाचे ओठ हलत होते. एक, एक, असं ती पुटपुटत होती.

व्यक्ती क्रमांक चार.

मग तिने द्रव्यांचे आकडे काढले, तीनशी ताडून पाहिले, एकशी ताडून पाहिले.

"तीनच्या सुटीत बसत नाही," ती म्हणाली. "एकच्याही नाही. तेल उतरलंय, पण औषधही घामातून येतंय. ते आयुष्यभर घ्यायचंय. म्हणजे एक आता कधीच येणार नाही."

"आणि ही?"

"ही तिच्या बरीच जवळ आहे."

यशोधनने तिच्या हातातून कुर्ता घेतला आणि आपल्या शर्टांबरोबर नव्या यंत्रात टाकला.