बिजलीची नसलेली पिल्लं

मोहाडीच्या बाजारात रंजिताची कुत्री बिजली स्कूटीवरून उडी मारून उतरली आणि एका अनोळखी तरुणाच्या पिशवीतली लोकरीची टोपी घेऊन पळाली. खेळायला नाही... दातांत अलगद धरून ती भाजीवालीच्या टोपल्यांमागे गेली, टोपी पोटाशी घेतली आणि जिवाच्या आकांताने चाटू लागली.

रंजिताला कुठे तोंड लपवू असं झालं. ती टोपी ओढायला वाकली, तशी बिजली गुरगुरली.

"राहू द्या," तो तरुण म्हणाला. उकिडवा बसून तो बिजलीच्या सुजलेल्या सडांकडे पाहत होता. "हिची पिल्लं कुठं हायेत?"

"नाहीत जी. झालीच नाहीत."

"मंग दूध काहून येऊन राहिलं?"

"तेच विचाराले जनावरांच्या दवाखान्यात चालली मी. नवीन डॉक्टर आले म्हणतात."

"आले खरे," तो म्हणाला, "पण सध्या त्यांची टोपी गेली."

हसू दाबताना त्याच्या गालाला खळी पडली. रंजिताने ती पाहिली, आणि तिने पाहिली हे त्याने पाहिलं. मग दोघंही उगाच बिजलीकडे बघत बसली.

रंजिता आंधळगावची. तिचे बाबा चंद्रभान कोशाच्या रेशमी साड्या विणायचे. त्यांचा माग खड्ड्याचा, म्हणजे विणणाऱ्याने खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबायच्या. नेमक्या त्याच खड्ड्यात बिजलीने ठाण मांडलं होतं. सुताच्या कांड्या एकेक करून तिथे नेल्या होत्या आणि त्यांनाच पिल्लं मानून ती त्यांच्याभोवती वेटोळं करून पडायची. बाबांनी पाय आत घातला की दात दाखवायची. कुणाच्या तरी लग्नाची साडी मागावर अर्धवट अडकली होती. शेवटी बाबा वैतागले आणि हिला आंबागडच्या जंगलात सोडून येतो म्हणाले.

डॉक्टर मनिषने दवाखान्यात बिजलीचं पोट चाचपलं, ती माजावर कधी आली होती ते विचारलं. माज सरून दोनेक महिने झाले होते आणि त्या काळात तिला घराबाहेर सोडलंच नव्हतं. पोटात पिल्लू नव्हतंच.

"ढोंग नाही करून राहिली ती," तो म्हणाला. "तिच्या अंगालेच वाटते की आपण माय झालो. बऱ्याच कुत्र्यांना होते हे. दोन-तीन आठवड्यात आपोआप उतरते. फक्त सडांना हात लावू नका."

रंजिता चपापली. तिची आई, शोभाताई, बिचारीचे सड ठणकत असतील म्हणून रोज सकाळी दूध पिळून टाकायची, वर गरम कपड्याने शेकायची. मनिषने सांगितलं की त्यानेच दूध आणखी येतं. पिळायचं नाही, शेकायचं नाही, तिला चाटूही द्यायचं नाही. कांड्या तिच्या तोंडून हिसकायच्या नाहीत. ती फिरायला गेली की मागून हळूच उचलायच्या. भरपूर चालवायचं, मन दुसरीकडे लावायचं. सड लाल, गरम, कडक झाला किंवा अंगावरून पू गेला, तर तडक आणायचं.

घरी बाबांनी पोतं काढून ठेवलं होतं. रंजिता बिजलीच्या आणि पोत्याच्या मधे उभी राहिली.

"बाबा, तिले सोडाचं असंन तर मलेही तिथंच सोडा. नाहीतर तुळशीच्या लग्नापर्यंत थांबा."

पोरीचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच बाबा थांबले. पोतं खुंटीला गेलं.

मग रंजिता कामाला लागली. भावाच्या जुन्या बनियनला शेपटीसाठी भोक पाडून बिजलीला चढवलं, म्हणजे चाटणं बंद. सकाळ-संध्याकाळ ती तिला तलावाच्या पाळीवरून पळवायची. धानाची कापणी सुरू होती, वाऱ्यावर ओल्या तणसाचा वास यायचा... आणि का कोण जाणे, मनिषची मोटारसायकलही त्याच वेळी पाळीवर यायची.

"रोजच ढोरं पाहाले येता का आमच्या गावात?" तिने एकदा विचारलंच.

"आंधळगावची ढोरं फार नाजूक हायेत जी."

"आज कोणतं पाहिलं?"

"आज..." तो अडखळला. "आज अजून पाहून राहिलो."

रंजिताने ओढणी सावरली. बिजलीने तिला ओढून नेलं म्हणून बरं, नाहीतर चेहऱ्याने सगळं सांगितलं असतं.

एका रविवारी सकाळी बिजली उठेचना. एक सड लालबुंद झाला होता, हाताला चटका बसेल इतका गरम. शोभाताईने रडतच कबूल केलं की तिला राहवलं नव्हतं, चार दिवस ती चोरून दूध पिळत होती. दवाखाना बंद होता. रंजिताने बिजलीला चादरीत गुंडाळलं, आईला मागे बसवलं आणि स्कूटी सरळ आंबागडला, मनिषच्या गावी काढली.

मनिष धानाच्या बांधीत विळा घेऊन उभा होता. त्याने विळा टाकला आणि पळत येऊन हातपाय धुतले. ओसरीवर बिजलीला इंजेक्शन देताना तो पहिल्यांदाच रागावला. शोभाताई मान खाली घालून बसली होती. त्याच्या आईने, शकुंतलाबाईने, काही न विचारता तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

औषध बांधून देताना तो हळूच म्हणाला, "एवढं कोणी माणसासाठीही करत नाही."

"माणूस मिळाला तर करीन," रंजिता म्हणाली. बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं, पण तिने नजर वळवली नाही.

गोळ्या लागू पडल्या. सूज उतरली, दूध आटलं. तुळशीचं लग्न लागायच्या आधीच एका दुपारी बिजली आपणहून खड्ड्यातून बाहेर आली आणि उरलेल्या कांड्यांकडे ढुंकूनही न पाहता अंगणात उन्हाला पसरली. बाबांनी खड्ड्यात पाय सोडले. माग खटखटू लागला.

पुढच्या माजानंतर पुन्हा तेच होऊ नये म्हणून मनिषने गर्भपिशवी काढायचं ऑपरेशन सुचवलं होतं, पण अंग पूर्ण निवल्यावर. ते थंडी ओसरताना झालं. बिजलीला कुशीत घेऊन बाबा स्वतः दवाखान्यात आले. ती शुद्धीवर येईपर्यंत तिच्या उशाशी बसून राहिले. बाहेर पायरीवर मनिष आणि रंजिता.

"आता ही बरी झाली," मनिष म्हणाला. "म्हणजे... आता मले यायले कारण नाही उरलं. मी म्हणत होतो की... तुमच्या बाबांशी—"

"मी बोलली काल."

त्याने झटकन मान वर केली. "काय म्हणाले?"

"पहिले म्हणाले, शेतकऱ्याच्या घरी विणकराची पोरगी काय करंन. मी म्हटलं, विणंन. मंग इचारत होते, माग कुठं ठेवशील."

"मंग?"

"म्हटलं, आंबागडची ओसरी मोठी हाये. पाहून आली मी."

मनिषने तिचा हात हातात घेतला, सुताने बारीक कापलेली बोटं एकेक करून पाहिली.

"खड्डा किती खोल लागते, तेवढं सांग," तो म्हणाला. "उद्याच खणतो."