पायाखालची नावं

मी रईस. माण गावात कोंडाबाईंच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मी आणि माझी बायको, आलिया. सुट्टीच्या दिवशी मी टेबलावरचं युद्ध खेळतो. दोन बोटं उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक जमवायचे, रंगवायचे आणि मित्राच्या फौजेशी भिडवायचे. मी वापरलेले सैनिक आणतो, जुना रंग उतरवतो आणि माझा चढवतो.

गेल्या श्रावणात सूसच्या एका सोसायटीतून असे बत्तीस सैनिक आणले. देणाऱ्या जान्हवीताई. त्यांचे यजमान एकनाथ वर्षापूर्वी वारले होते, रंगकाम त्यांचंच. खोका हातात देताना ताईंनी एवढंच विचारलं, की सगळ्यांचा रंग काढणार ना. मी हो म्हणालो, तेव्हा त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला.

घरी येऊन एकेक सैनिक उलटा करून पाहिला. प्रत्येकाच्या पायाखालच्या चकतीवर, खालच्या बाजूनं, केसाएवढ्या पांढऱ्या अक्षरांत नाव होतं. हनुमंत. समरीन. साळूबाई. हौशी माणसं सैनिकांना नावं देतात, पण चिलखत घातलेल्या शिपायाचं नाव साळूबाई? आलियाला वाचून दाखवलं. दोघंही हसलो.

मग लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत जंतुनाशक ओतलं, दवाखान्यात फरशी पुसतात तसलं, आणि सगळे त्यात बुडवले. दोन दिवसांनी टूथब्रशनं घासले. रंग सालासारखा सुटून आला. नावंही गेली. करडे, बिनरंगाचे बत्तीस सैनिक मी खिडकीत वाळत ठेवले.

त्या दुपारी वीज गेली. पंखा थांबला, आणि खोलीत कुणीतरी श्वास घेत असल्याचं ऐकू आलं.

लांब ओढलेला... मध्येच अडलेला... पुन्हा ओढलेला. मग दुसरा, त्याची लय वेगळी. मग तिसरा. खोलीभर तो दवाखान्याचा वास. स्वयंपाकघरात आलियाची सुरी थांबली. ती दारात आली आणि हळूच म्हणाली, "किती जण आहेत...?"

मी जान्हवीताईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं. कोरोनाच्या काळात एकनाथ एका दवाखान्यात वॉर्डात मदतनीस होते. त्यांच्या पाळीत जी माणसं एकटी गेली, ज्यांच्या उशाशी घरचं कुणी नव्हतं, त्या प्रत्येकामागं ते एक सैनिक रंगवायचे. तुम्हाला विसरणार नाही, असं त्यांनी प्रत्येकाला सांगितलं होतं म्हणे. एकनाथ गेल्यापासून तो श्वास ताईंच्या घरात सुरू झाला होता.

"मला वाटलं, नावं गेली की तीही जातील," ताई म्हणाल्या. "माझी चूक झाली."

परत लिहायला मी नावं विचारली. एकनाथांची नावांची वही त्यांनी जाळून टाकली होती. आठवतील तशी त्यांनी सांगितली, काही अडखळत, काही दोनदा बदलून. मी ती बारीक कुंचल्यानं चकत्यांखाली लिहीत गेलो. आलिया एकेक सैनिक उलटा करून माझ्यापुढं धरत होती. एकेक नाव पुरं झालं, की एकेक श्वास थांबायचा. बत्तिसाव्या नावानंतर खोलीत काही उरलं नाही. आलिया भिंतीला टेकून रडली. मी तिला म्हणालो, झालं, संपलं.

तीन दिवस खरंच शांततेत गेले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो. जिना चढून दाराशी बूट काढत होतो, तोच अंगणातून कोंडाबाईंनी हाक मारली. मी कठड्यावरून वाकून पाहिलं.

"रईसभाऊ, ही तुमची पाव्हणी हायेत का? दुपारधरनं जिन्यात बसल्यात."

"कोण?"

"म्हातारी म्हणती, तिचं नाव चुकीचं लिवलंय. बाकीची काय बोलंनात... पर समद्यास्नी आपापलं नाव बघायचंय."

मी जिन्याकडं पाहिलं. खालच्या पायरीपर्यंत तो मोकळा होता. आत्ताच तर मी चढून आलो होतो, मला कुणीच दिसलं नव्हतं.

आलियानं दार उघडलं. माझ्याकडं बघून ती माझी बाही झटकू लागली. खांद्यापासून मनगटापर्यंत भिंतीचा चुना लागला होता. एवढ्या रुंद जिन्यावरून मी भिंतीला अंग घासत, कडेकडेनं, कुणाला पाय लागणार नाही अशा बेतानं वर आलो होतो.