पाहुणी आणि लेकुरवाळी

"चोर सापडला नाही तरी चालेल," खुर्चीच्या कडेवर टेकत ते म्हातारे गृहस्थ म्हणाले. "मला एवढंच सांगा बाई, माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही?"

भाऊजींनी तोंडाशी नेलेला चहाचा कप तसाच थांबवला. वहिनींकडे लोक हरवलेली माणसं शोधायला येत, हरवलेले दागिने शोधायला येत. स्वतःचं डोकं शोधायला आलेला माणूस ते पहिल्यांदाच पाहत होते.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या आणि विणकाम करण्याऐवजी लोकांची कोडी सोडवू लागल्या. भाऊजींनी औषधाचं दुकान मुलाच्या हवाली केलं होतं, तेव्हापासून ते वहिनींच्या मागोमाग असत. मदत करतो, असं ते म्हणत. वहिनी त्यावर काही बोलत नसत.

आलेले गृहस्थ निवृत्त सर्जन होते. जन्मभर हातात पातं धरल्यामुळे असेल, त्यांना जगावेगळ्या सुऱ्या आणि खंजीर जमवायचा नाद लागला होता.

"गेल्या काही आठवड्यांपासून वस्तू जागा बदलतात," डॉक्टर म्हणाले. "एक खंजीर रात्रभर टेबलावर राहिलेला सापडला. एक चामड्याच्या म्यानात! अहो, चामडं ओल धरतं. पातं गंजतं. आम्हा जमवणाऱ्यांत कुणी पातं म्यानात ठेवत नाही, म्यान शेजारी ठेवतात. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्हीच ठेवलं आणि विसरलात. आणि काल पाहुणीच गेली."

"कोण पाहुणी?" भाऊजी दचकले.

"माझी सगळ्यात अनमोल सुरी. मी फोन घ्यायला दिवाणखान्यात गेलो. परत येतो तर तिचा कप्पा रिकामा! तोवर घराबाहेर कुणी गेलं नव्हतं. मुलगा, सून आणि माझा मित्र घड्याळजी, तिघंही घरातच. सगळं घर उलथंपालथं केलं. घड्याळजीनं तर स्वतःहून पिशवी आणि खिसे रिकामे करून दाखवले." त्यांचा आवाज खाली आला. "मुलानं कपाटाच्या चाव्या मागितल्यात. मला वृद्धाश्रमात पाठवायचं चाललंय. मी खरंच विसरत असेन तर जाईन. पण मला ते कळायला नको का?"

"चला," वहिनी उठल्या. "बघूया."

डॉक्टरांच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या संग्रहाच्या खोलीत पाऊल टाकलं आणि भाऊजींची बडबड आपोआप थांबली. भिंतभर उथळ खण होते, आत मऊ लोकरी कापड, बनात, अंथरलेली. एक पातं सापासारखं वळत गेलेलं. एक काळ्या काचेच्या दगडाचं, कडेला इतकं पातळ की त्यातून उजेड आरपार यावा. भाऊजींना आपण देवघरात चपला घालून आल्यासारखं वाटलं.

"हिला मी लेकुरवाळी म्हणतो," डॉक्टरांनी पांढरे हातमोजे चढवून एक रुंद पात्याचा खंजीर उचलला. "पातं पोकळ आहे. मुठीवरची कळ दाबली की दुभंगतं, आणि आत बिनमुठीचं छोटं पातं असतं. पण कालच्या गडबडीत घड्याळजीला दिसलं, कळ अडकलीय. आज तो दुरुस्तीला न्यायला येणार आहे."

"आणि पाहुणी कशी होती?"

डॉक्टरांनी रिकाम्या कप्प्यावरून बोट फिरवलं. कप्पा हाताच्या पंजाएवढाच होता.

"आकाशातून पडलेल्या लोखंडाची. तापवलेली नाही, ठोकलेली नाही, त्या तुकड्यातून नुसती घासून काढलेली. तिला मूठ बसवायची माझी हिंमतच झाली नाही. ते लोखंड अंतराळात निवत होतं तेव्हा आपल्या धरतीवर गवताचं पातंही नव्हतं, बाई."

डॉक्टरांनी रिकामा खण हळूच लोटून दिला. मग वहिनींनी विचारलं, "म्यानात सापडलेला खंजीर कुठला?"

तेवढ्यात मुलगा आत आला. "हा बघा." त्यानं खण ओढला, उघड्या हातानंच पातं धरलं आणि वर अंगठा टेकवला. डॉक्टर कळवळले. "अरे, घाम लागतो! डाग पडेल!"

"बघितलंत?" मुलगा वहिनींकडे वळला. "दिवसभर हेच. जेवण विसरतील, पण हे नाही. मला यातलं ओ की ठो कळत नाही. उद्या हातपाय कापून घेतले तर? मी कामावर असतो. मला भीती वाटते हो."

वहिनींनी रुमालात पातं घेतलं, उजेडात तिरपं धरलं. "हे चिकट काय आहे?"

"मेण," डॉक्टर म्हणाले. "मी कधी लावत नाही. मी फक्त पातळ तेलाचा हात देतो. पण... लावलंही असेल." ते खाली बघू लागले.

"टेबलावर राहिलेला खंजीर कसा होता? नुसत्या लाकडावर?"

"नाही, खाली बनात होती," मुलगा म्हणाला. "व्यवस्थित घडी घातलेली."

खाली स्वयंपाकघरात सुनेनं सफरचंद कापून पुढे ठेवलं.

"त्या खोलीत मी चहा ठेवण्यापुरती जाते," ती म्हणाली. "लोकांच्या घरी टाचण्या बोचतात, आमच्याकडे तलवारी."

भाऊजींनी दुसरं सफरचंद स्वतःच कापायला घेतलं. "वा! काय सुरी आहे! लोण्यासारखी चालते. हिची मूठ कुठे गेली?"

"कोण जाणे. आज सकाळी वर टेबलावर, पेनांच्या पेल्यात होती. पाकिटं फोडायची असेल. आमच्या सुऱ्या इतक्या बोथट झाल्यात, म्हटलं हीच वापरू."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "खाऊन झालं की ती धुऊन, पुसून माझ्याकडे द्या. आणि मला एक चहा हवाय. चांगला कढत."

घड्याळजी आले तेव्हा वहिनी वाफाळता चहा घेऊन पुन्हा वर जाऊन बसल्या होत्या. माणूस बारीक, बोलणं हळू. खोलीत शिरताच त्यांनी खिशातून हातमोजे काढून चढवले.

"पाहुणीला रविवारी एकदा हातात घ्यायचो," ते म्हणाले. "घड्याळात मी सेकंद दुरुस्त करतो हो. आणि ती? काळ म्हणजे काय ते तिच्याकडे बघून कळायचं." त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे. वय झालं की असं होतं. लेकुरवाळी दे, दोन दिवसांत करून आणतो."

"थांबा ना जरा," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना बोलवा. डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय."

मुलगा आणि सून दाराशी उभे राहिले. वहिनी वर्गात बोलाव्या तशा सावकाश बोलू लागल्या.

"म्यानातल्या खंजिराला जाड मेण होतं. का? चामड्याची ओल पात्याला लागू नये म्हणून. आता सांगा, चामड्यानं पातं गंजतं हे जो विसरला, तो आधी मेण लावायला कसा आठवणीनं बसला?"

भाऊजी मेण लागलेल्या खंजिराकडे वाकून बघू लागले.

"टेबलावर विसरलेल्या खंजिराखाली घडी घातलेली बनात. विसरभोळ्या माणसाच्या हातून वस्तूंचं नुकसान होतं. इथे एकाही पात्यावर ओरखडा नाही. या चुका कुणीतरी फार जपून केल्यात. डॉक्टर, तुमचं डोकं जागेवर आहे."

डॉक्टरांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मग कोणी केलं?" मुलाचा आवाज चढला. "मी?"

"तुम्ही उघड्या हातानं पातं धरता. मेण तुम्हाला सुचलंच नसतं. तुमच्या बायकोनं तर संग्रहातल्या सुरीनं सफरचंद कापलं."

"अगं बाई!" सुनेनं तोंडावर हात नेला.

वहिनींनी रुमाल उलगडला. आत ती बिनमुठीची सुरी होती.

"लेकुरवाळीचं लेकरू!" डॉक्टर पुटपुटले.

"लेकरू पेनांच्या पेल्यात. जे हरवलंय असं कुणाला माहीतच नाही, ते कोण शोधणार? आणि लेकरू बाहेर असेल, तर आईच्या पोटात काय आहे? दुरुस्तीच्या नावाखाली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आज दारातून काय बाहेर जाणार होतं?"

त्यांनी कढत चहाचा कप उचलला आणि लेकुरवाळीच्या मुठीला टेकवून धरला. कळीच्या फटीतून पिवळट मेणाचा एक थेंब ओघळला. मग डॉक्टरांनी अंगठ्यानं कळ दाबली.

रुंद पातं पाकळीसारखं दुभंगलं.

आत पाहुणी होती. राखाडी, शांत, अंगभर आडव्यातिडव्या रेघा, खिडकीवर गोठलेल्या दवासारख्या. उजेड तिच्यावरून सरकला तशा काही रेघा विझल्या, काही उजळल्या. भाऊजींना वाटलं, आपण फार उंचावरून खाली बघतोय, आणि खाली तळच नाही.

"वहिनी," ते कुजबुजले, "ही आधीपासून आहे. आपल्या सगळ्यांच्या आधीपासून."

घड्याळजी भिंतीला टेकले होते. "तुझ्यानंतर ती संग्रहालयात जाणार होती," ते म्हणाले. "काचेआड. मला परत कधी हातात मिळाली नसती."

"मागायची होतीस," डॉक्टर म्हणाले. "दिली असती मी. पण तू माझं डोकं चोरायला निघालास." ते खुर्चीत बसले. "रोज रात्री मी स्वतःला नातेवाइकांची नावं विचारायचो रे. बरोबर आली तरी विश्वास बसायचा नाही."

 घड्याळजींनी हातमोजे काढले, नीट घडी करून टेबलावर ठेवले आणि जिना उतरून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही.

 मग मुलगा पुढे झाला. त्यानं टेबलावरचे हातमोजे उचलले आणि आपल्या जाड बोटांवर कसेबसे चढवले.

"बाबा," तो म्हणाला, "कशी धरायची असते ही?"

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं मागितलेल्या कपाटाच्या चाव्या खिशातून काढून, चाचपून, परत खिशात ठेवल्या.

"आधी श्वास सोड," ते म्हणाले, आणि पाहुणी त्याच्या तळहातावर ठेवली.