पाय धुतलेलं पाणी

रोनान, पाय खाली घे खुर्चीवरनं. वास येतोय. कालचेच मोजे ना ते? तुझ्यावरनंच आठवलं बघ.

आमचा कोलमन, माझ्या मावशीचा नातू. एप्रिलची शेवटची रात्र. खोटं निघालं तर उद्यापासनं माझा चहा बंद करा. दलदलीत गेलेला, चुलीसाठी जळणाची माती कापायला. आला तो गुडघ्यापर्यंत काळा. बायको सोरखा बाळंतीण, लेक महिन्याची. पलंगावरनंच म्हणाली, "पाय धू, आणि ते पाणी बाहेर ओत. रात्रीचं घरात ठेवू नको, घरात लेकरू आहे. आज रात्री टेकडीतली भली माणसं फिरतात, डोळ्यांना न दिसणारी, लेकरं बदलून नेतात. ओतताना 'सांभाळा' म्हण, त्यांच्या अंगावर उडायला नको."

"एवढ्या थंडीत बाहेर कोण उभंय? पाद्रीबाबा?"

"ओत म्हणते ना."

"ओतलं गं बाई."

ओतलं कुठलं? टब सरकवला पाळण्याखाली, आणि झोपला.

टबात काय होतं सांगू? वर साबणाची साय. सायीत माती, केस, टाचेची सुटलेली कातडी... तोंड काय वाकडं करतोस रोनान, तुझं याहून घाण असेल.

मध्यरात्री दार वाजलं. बाहेरनं कुणीतरी गोड आवाजात म्हणालं, "पायाच्या पाण्या, दार उघड."

कोलमनला आधी हसू आलं.

मग टबात... बुळूक.

साय हलली. पाणी काठावर चढलं. खाली उतरलं. सरपटत निघालं, थुलथुलीत, मागे केस ओढत. नासक्या लोण्याचा वास. कोलमनला वाटलं ओरडावं, तर तोंड उघडवेना. तो वास आत जाईल म्हणून.

पाणी दारावर चढलं...

कडी निघाली.

...

कोलमन उठला. टब उचलला, उरलेलं दाराबाहेर भिरकावलं. "सांभाळा!"

बाहेर कुणी नाही. पाळण्यात लेक शांत झोपलेली. सुटलो म्हणाला.

सकाळी सोरखानं दुपटं सोडलं.

पोरीचे तळवे काळे. टाचांना भेगा. भेगांत दलदलीची माती. नखं पिवळी, जाड, आत वळलेली...

पोर आता शाळेत जाते. गोड आहे. नखं कोलमनच कापतो तिची. साध्या कात्रीनं नाही जमत. मेंढ्यांचे खूर कापायची कात्री लागते.