मागच्या काचेतून

दार लोटून घ्या आणि जवळ सरकून बसा, मला ओरडून सांगायची सवय नाही. आणि तू, तो फोन पालथा ठेव. मध्येच उजेड तोंडावर आला की मी काय सांगत होतो तेच विसरतो. मग म्हणाल, म्हातारा भरकटला.

ज्याच्यावर हे बेतलं तो माझ्या गॅरेजशेजारीच राहायचा. त्याला सगळे पहिलवान म्हणत. अपघातातल्या गाड्या उचलून नेणारी क्रेन होती त्याची. माणूस दाराएवढा रुंद, पण घरात दीड वर्षांच्या पोरीपुढे अगदी शेळी. ती त्याच्या कानाची पाळी मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. कामावरून आला की आधी त्याचे हात तपासायची. कुठे खरचटलेलं दिसलं की 'बाऊ' म्हणायची आणि गाल फुगवून फुंकर घालायची. फुंकर कमी आणि थुंकीच जास्त. ज्या दिवशी काही लागलेलं नसेल त्या दिवशी हा लबाड ग्रीसचा डाग पुढे करायचा.

गेल्या वर्षीचा जानेवारी, दुसरा शनिवार. रात्री बाराच्या सुमाराला हवालदाराचा फोन आला. वळणावर एक मोटार झाडावर आदळली होती. आत बाप आणि त्याची लहान मुलगी होती, दोघंही जागीच गेली. त्यांना दवाखान्याच्या शवागारात पोचवलं होतं, आता फक्त गाडी उचलून रस्ता मोकळा करायचा होता. पहिलवानाची बायको कारखान्यात रात्रपाळीला गेलेली. पोरीला एकटं कसं ठेवणार? त्याने तिला स्वेटर चढवला, कानटोपी घातली आणि केबिनमध्ये शेजारी बसवलं. तिची तर सहलच झाली.

आता नीट ऐका. या क्रेनवाल्यांची आपसांत एक रीत असते. गाडीत माणूस गेलं असेल तर हूक लावण्याआधी टपावर तळहाताने थोपटायचं, आत वाकून बघायचं आणि म्हणायचं, 'उतरा, गाडी हलवतोय.' का म्हणून विचारलं तर कोणी धड सांगत नाही. पहिलवानही न चुकता म्हणायचा. त्या रात्री त्याने मोटारीच्या बॅटरीची वायर कापली, हूक हातात घेतला, आणि केबिनमध्ये पोरीने टाहो फोडला. बाबा दिसेना म्हणून घाबरली होती. हा धावला. तिला कडेवर घेऊनच त्याने कसाबसा हूक अडकवला, मोटारीचं तोंड वर उचललं आणि निघाला. हवालदार मोटरसायकलवरून केव्हाच पुढे गेला होता.

म्हणायचं राहून गेलं.

तोंड वर करून टांगल्यामुळे त्या मोटारीची पुढची फुटकी काच केबिनच्या मागच्या काचेसमोरच आली होती. थोडं पुढे गेल्यावर पोर सीटवर उभी राहिली आणि मागे बघून हसायला लागली. कोणाला हसतेस गं, असं त्याने सहज विचारलं.

"काका."

त्याने आरशात पाहिलं. मोटार रिकामी होती. वाकलेलं स्टीअरिंग, बाकी काही नाही. पोरांना अंधारात काय काय दिसतं, असं म्हणून त्याने वेग वाढवला.

"काका ये म्हणतो."

त्याने तिला खाली ओढून बसवलं. ती पुन्हा उठली. त्याने पुन्हा बसवलं.

आणि मागच्या मोटारीचे दिवे लागले.

वायर तर त्याने स्वतःच्या हाताने कापली होती. केबिन पांढरी फटक उजळली. पोरीने डोळे मिटून घेतले. मग क्रेनला मागून हिसका बसला. रस्ता उताराचा, तरी क्रेन पुढे जाईना. इंजिन ओरडतंय, चाकं जळतायत, आणि कोणीतरी मागे ओढतंय.

केबिनची मागची काच फुटली.

हात आत आला. पुरुषाचा हात, मनगटापर्यंत शर्टाची बाही. त्या हाताने पोरीचा स्वेटर पाठीवर मुठीत धरला आणि ओढला.

पहिलवानाने स्टीअरिंग सोडलं. क्रेन वळली, दगडी कठड्यावर आदळली. त्याचं कपाळ फुटलं, रक्ताने एक डोळा भरला. तेवढ्यात त्याने पोरीचे पाय धरले. तिचं डोकं काचेच्या चौकटीवर आपटलं. एकदा. पुन्हा. ती किंचाळत होती. मागची पकड तसूभरही ढिली होईना. याने एका हाताने तिला छातीशी दाबलं आणि दुसऱ्या हाताने सीटखालची टॉमी ओढली, चाकाचे नट खोलायची लोखंडी कांब. घातली त्या हातावर.

बोटं मोडल्याचा आवाज आला.

रक्त नाही. थेंबसुद्धा नाही.

त्याने पुन्हा घातली. पुन्हा. वेड्यासारखा मारत सुटला. एकेक बोट उलटं वळलं, तरी मूठ सुटेना. तेव्हा त्याला आठवलं. "उतरा," तो म्हणाला. "उतरा हो... उतरा..."

ओढ तेवढी वाढली. स्वेटर पोरीच्या गळ्यात रुतला. तिचा आवाज बंद झाला. ओठ काळेनिळे पडले...

त्याने टॉमी टाकली आणि दोन्ही हातांनी स्वेटर गळ्यापाशी फाडायला घेतला. लोकर उसवली. पोरीने एकदा श्वास घेतला. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. मान वळवून त्या मोडक्या हाताकडे बघत राहिली.

"बाऊ," ती म्हणाली.

आणि गाल फुगवून तिने त्याच्यावर फुंकर घातली.

ओढ थांबली.

पहिलवान मला म्हणाला, "दादा, मी एका बापाची बोटं मोडत होतो, ते मला तेव्हा कळलं." त्याला हुंदका आवरेना. रक्त पुसायचंही सुचलं नाही. पोरीला घट्ट धरून तो मागच्या काळोखाला म्हणाला, "ही माझी आहे हो. तुमची दवाखान्यात आहे. तिच्याकडे जा. एकटी आहे ती."

जिवंत आहे की नाही, ते त्याने सांगितलं नाही. सांगवलं नाही.

मग मूठ उघडली. हात मागे गेला. दिवे विझले. पोरीने त्याच्या कानाची पाळी शोधली आणि तशीच झोपली.

सकाळी त्याच्या कपाळाला टाके घालायला मीच त्याला दवाखान्यात घेऊन गेलो होतो. शवागारापाशी गर्दी दिसली. पहिलवान थांबेना, मलाही आत ओढत घेऊन गेला. बापाला आणि मुलीला खोलीच्या दोन टोकांना ठेवलं होतं, दाराला रात्रभर बाहेरून कुलूप होतं. पहाटे उघडलं तर मुलगी बापाच्या छातीवर. हवालदार म्हणाला, रात्री ठेवतानाच कोणीतरी घोळ घातला असेल. असेलही.

पण रात्री त्यांना आणलं तेव्हा बापाचे दोन्ही हात धड होते, असं तिथला माणूस शपथेवर सांगत होता. मुलीच्या पाठीवर ठेवलेला हात मी जवळून पाहिला आहे. बोटं सगळी मोडून उलटी वळली होती, आणि नखांत लोकर अडकली होती.