विजाच्या गाडीची डावी सीट

खोटं वाटलं तर वाचू नका. माझं काही म्हणणं नाही.

मी अमरसिंह. कोल्हापुरात कसबा बावड्याला राहतो. ऊस आणि आठ म्हशी. मला कथा-बिथा लिहिता येत नाहीत. हे आमच्या घरात घडलंय आणि अजून संपलेलं नाही, म्हणून लिहितोय.

आणि आधीच सांगतो, यात अमावस्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते सगळं उन्हात झालं.

गेल्या वर्षीचा डिसेंबर. गुरुवार. सकाळचे साडेआठ. नदीकडची स्मशानभूमी.

माझ्या धाकट्या भावाचं, विजयसिंहचं रक्षाविसर्जन होतं.

विजा एकोणतीस वर्षांचा. शिरोलीत त्याचं स्वतःचं मशीन शॉप होतं. मंगळवारी दुपारी मोटरसायकलवरून घरी जेवायला येत होता. सांगली फाट्यावर ट्रकनं उडवलं.

मी रडलो नाही. आजपर्यंत नाही. लोक म्हणतात घट्ट आहे. घट्ट-बिट्ट काही नाही, आतनं काही येतच नाही.

नैवेद्य ठेवला. विजाला आवडायचं ते सगळं होतं. मिसळ, बुंदी, भेळ, थंड्याची बाटली. सगळे लांब जाऊन उभे राहिले.

कावळे आले. भिंतीवर बसले. सात-आठ होते.

एकही खाली उतरेना.

अर्धा तास गेला. तास गेला. मग एकेक जण पुढं होऊन हात जोडायला लागला.

"विजा, आईला बघतो आम्ही. काळजी करू नगंस."

"विजा, शॉप बंद पडू देत न्हाय."

कावळे बघत होते... हलत नव्हते.

मग आकाराम मामा माझ्या कानाशी आला. आईचा धाकटा भाऊ. राधानगरीकडं असतो.

"गाडीचं बोल की, मर्दा."

विजानं गाडी बुक केली होती. छोटी लक्झरी स्पोर्ट्स सेडान. जर्मन. निळी. नाव सांगत नाही, उगाच कुणाला त्रास नको. तीन वर्षं मोबाईलवर तिचेच व्हिडिओ बघायचा. जेवताना सुद्धा.

मला ती पसंत नव्हती. मी म्हणालेलो, "बूड टेकतंय रस्त्याला. मागं दोन माणसं बसली की गुडघं तोंडात. ऊस भरायचा काय तिच्यात?" त्यावरनं आमचं वाजलं होतं. पैशाची अडचण नव्हती. माझाच आडमुठेपणा होता.

मी पुढं झालो. हात जोडले.

"विजा, तुझी गाडी घेतो. तुला तिच्यात बसवून फिरवतो."

एवढंच बोललो.

भिंतीवरचा एक कावळा खाली आला आणि बुंदीला शिवला.

"शिवला, शिवला!" सगळे सुटल्यासारखे आंघोळीला पळाले. मलाही बरं वाटलं. त्या आठवड्यात तेवढंच बरं वाटलं.

जानेवारीच्या शेवटी पुण्याहून फोन आला. गाडी आली होती.

मी एकटाच गेलो. येणार कोण? आईनं, शालूबाईनं, अंथरूण धरलं होतं. दिवसाला अर्धा कप चहा, बास. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही, त्यांना जगायचंच नाही. वर्षाराणी, माझी बायको, ताट घेऊन जायची आणि तसंच परत आणायची.

शोरूममध्ये गाडीवर लाल कापड टाकलं होतं. उजैर नावाचा सेल्समन होता. विजाची बुकिंग त्यानंच घेतली होती. कापड काढताना त्याचे डोळे भरले. माझे नाही.

टायरखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडला. हार घातला. मी बसलो आणि बटण दाबलं.

टिंग... टिंग... टिंग...

उजैर खिडकीत वाकला. "सर, बाजूच्या सीटवर काही ठेवलंय का? माणूस बसून पट्टा लावला नसेल तरच वाजतं हे."

डावी सीट रिकामी होती.

सीटवरची प्लास्टिकची पिशवी सुद्धा त्यानं काढून टाकलेली.

त्यानं चारदा दार उघडून लावलं. सीटवर हात दाबून बघितला. वाजायचं थांबेना. शेवटी रिकाम्या सीटचाच पट्टा ओढून खाचेत अडकवला.

बंद झालं.

"सेन्सर असेल सर. पहिल्या सर्व्हिसिंगला बदलून देतो."

मी निघालो. गाडी चांगली होती, खोटं कशाला बोलू? पाय ठेवला की पाठ सीटला चिकटायची. विजा असता तर ओरडला असता. मी नुसता चालवत होतो.

कराडच्या अलीकडं टोलवर थांबलो. दुपारचे दोन. स्वच्छ ऊन.

सहज डावीकडं बघितलं...

रिकाम्या सीटवरचा पट्टा कसा असतो? पाठीला चिकटून, सपाट.

हा सपाट नव्हता. पुढं आला होता. छातीवरनं, पोटावरनं यावा तसा. पट्ट्याच्या आणि सीटच्या मधे मोकळी जागा होती. एका माणसाची.

मी हात घातला नाही. मागचा हॉर्न वाजवत होता. टोल पार केला आणि पुढं निघालो.

भीती वाटायला पाहिजे होती. नाही वाटली. मी आवाज न करता गाडी चालवली, एवढंच आठवतंय.

घरी पोचलो तेव्हा पाच वाजले असतील. हॉर्न दिला.

दारात आई उभी होती.

चाळीस दिवस जी कुशीवर वळली नव्हती, ती. हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या. माझ्यावरनं ओवाळून टाकला. मग गाडीला वळसा घालून पलीकडं गेली... आणि डाव्या काचेसमोर थांबली.

तिथं परत ओवाळलं.

"आई, तिकडं कोण न्हाय."

"तू चूळ भर जा," आई म्हणाली. "मी हाय हितं."

त्या संध्याकाळी आई दीड भाकरी जेवली. वर्षाराणी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून रडली. आनंदानं. तिला काही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाचला आई लुगडं बदलून तयार. "चल. शब्द दिलायस नव्हं?"

मागं बसली. बावड्यातनं रंकाळा, रंकाळ्यावरनं परत. मग रोजच पाचला. मी पट्टा अडकवायचो. तो हळूहळू पुढं यायचा. आई मागनं बोलत राहायची.

"विजा, ऊन लागतंय काय रं?"

"विजा, तो बघ तुझा दोस्त. भेळेच्या गाडीवर."

उत्तर कधी ऐकू आलं नाही. पण आई मधेच थांबायची... समोरचा बोलून होईपर्यंत माणूस थांबतो तेवढीच... आणि हसायची.

रोज रात्री जेवायची. गालावर मांस धरलं. बावड्यातले लोक म्हणायला लागले, शालूबाई सावरली की.

मी सर्व्हिसिंगला गाडी नेली. उजैरनं सेन्सर काढून नवा टाकला. त्याच्यादेखत बटण दाबलं.

टिंग... टिंग...

तो माझ्याकडं बघत राहिला. मी पट्टा अडकवला आणि निघालो. त्यानंतर त्यानं माझा फोन उचलला नाही.

मी काय करणार होतो? आई जेवत होती. मला तेवढं पुरत होतं.

मग मार्चमध्ये एक दिवस वर्षाराणीला पेठ वडगावला माहेरी जायचं होतं. आई नेमकी देवळात गेली होती. पाव्हण्यांच्यात कार्यक्रम होता, उशीर झालेला. वर्षाराणी गडबडीत डावं दार उघडून बसली.

मी "थांब" म्हणेपर्यंत बसली सुद्धा.

गाडी दारातनं हलली नव्हती. ती ताडकन उठली. डोकं वर आपटलं. उतरून अंगणात उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"काय झालं गं?"

पदर सगळा अंगाभोवती घेतला.

"अहो... मी मांडीवर बसलो कुणाच्यातरी."

माझी नजर डाव्या सीटवर गेली.

"तुम्हाला म्हाईत हाय," ती म्हणाली. "तुम्हाला म्हाईत होतं की!"

दीर होता तो तिचा. लहान भावासारखा सांभाळलेला. तिला भीतीपेक्षा लाज वाटली होती. ते मला तिच्या तोंडावर दिसलं.

ती आमच्या राजनंदिनीला घेऊन एसटीनं वडगावला गेली. जाताना एवढंच बोलली, "भावोजींचा मला राग न्हाय. पर ह्या घरात एक तर ते ऱ्हातील, न्हायतर मी. तुम्ही ठरवा."

सात वर्षांची पोरगी आठवड्याला फोन करायची. "पप्पा, काका गेला काय?"

गाडी विकावी तर आई परत अंथरुणाला. ठेवावी तर बायको-पोरगी नाही. मी दोन महिने नुसत्या म्हशी धुतल्या.

शेवटी मामाला फोन केला. सगळं सांगितलं. मामा हसेल असं वाटलं होतं.

"अमर," मामा म्हणाला, "तू मुदत घातली न्हाईस, लेका."

"म्हंजे?"

"माणसं काय म्हणतात? वरीसभर आईला बघतो. पोरगीचं लगीन करून देतो. कायतरी एक शेवट असतोय. तू नुसतं फिरवतो म्हणालास. किती दिस, ते बोललास काय? त्यो बसलाय की मग. शब्द तुझा हाय, तूच उतर म्हण."

"आणि आई?"

मामानं फोन बाजूला धरून मामीला काहीतरी विचारलं.

"घेऊन ये हिकडं. माझ्यापाशी असू दे चार दिस."

मे महिन्यातला रविवार. सकाळी अकरा. आईला म्हटलं, मामाकडं जाऊया. तिला आनंद झाला. डब्यात बुंदी घेतली.

राधानगरीचा रस्ता विजाला आवडायचा. वळणं आहेत, झाडी आहे. मी गाडी जरा पळवली. पहिल्यांदाच. आई मागनं हसत होती. "आता कसं! बघ विजा, दादा शिकला चालवाय."

मामाचं घर मुख्य रस्त्यापासून आत, माळावर. घर दिसायला लागलं तशी मी गाडी कडेला घेतली. उतरलो. पलीकडं जाऊन डावं दार उघडलं.

पट्टा तसाच होता. पुढं आलेला. श्वास घेतल्यासारखा बारीक हलत होता...

खटका मी दाबला.

"विजा, गाडी घेतली. फिरवलं. आता उतर बाबा."

आवाज माझाच होता, पण मला लांबनं ऐकू आला.

पट्टा सरकन आत गेला.

मग गाडी डावीकडनं एवढीशी वर आली. जड माणूस उतरला की येते ना, तेवढीच.

रस्त्यावर कोणी नव्हतं. वाळलेल्या पाल्यात चुरचुर झाली. एकदा... मग थोडी पुढं... मग आणखी पुढं.

मला वाटलं सुटलो.

मागं दार उघडल्याचा आवाज झाला.

"आई, तू बस. मी नेतो घरापर्यंत."

"न्हाय," आई म्हणाली. डबा काखेत घेतला. "मी बी उतरतो. ह्याला एकट्याला कुठं सोडू?"

"आई, अगं..."

"तू जा बावड्याला. वर्षाराणीला आण जा. तुझं बरोबर हाय, मी कुठं नको म्हणतो?" तिनं माझ्या गालावरनं हात फिरवला. रागावली नव्हती. "तुला बायको हाय, लेक हाय. ह्याला कोण हाय?"

आणि ती माळावरनं चालायला लागली. उजव्या हाताला कुणीतरी आहे असं चालत होती. मधेच मान वर करून बोलत होती. विजा सहा फूट होता.

मी तिथंच उभा राहिलो. मागं धावायला पाहिजे होतं. पाय होते, धावलो नाही.

ती परत आली नाही. मामाच्या घराची बाहेरची खोली तिनं घेतलीय. चार दिवसांची बोली होती, आता सहा महिने होत आले. बावड्याचं नाव काढलं की म्हणते, "बघूया की."

वर्षाराणी आली. राजनंदिनी पुढच्या सीटवर बसते, काही होत नाही. गाडी नुसती गाडी आहे आता.

मी दर रविवारी मामाकडं जातो. तांदूळ, तेल, चहापूड देतो. आई ठणठणीत आहे. दोन्ही वेळ जेवते. मामी सांगते, अक्का ताटं दोन वाढतात. दोन्ही धुवायला येतात. दुसऱ्यात काही उरलेलं नसतं. मामीनं एकदा विचारलं, तर आई म्हणाली, "तरणं पोरगं हाय, खातंय."

मामा माझ्याशी नजर मिळवत नाही.

गेल्या रविवारी निघताना आई दारापर्यंत आली.

"अमर, पुढच्या बारीला त्याची चप्पल आण. घरात असंल बघ. दहा नंबर. एवढ्या खड्यातनं अनवाणी फिरतंय रं."

मी "बरं" म्हणालो.

चप्पल माळ्यावर होती. काल काढली. पुसली आणि पिशवीत घातली. ही न्यायची की नाही, ते मला कळत नव्हतं. नेली तर मी नेमकं कशाला हो म्हणतोय? नाही नेली तर आईला काय सांगू?

वर्षाराणी दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, आता परत बॅग भरणार.

ती आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा हातात विजाचा स्वेटर होता. घडी घालून तिनं तो चपलांच्या वर ठेवला.

"थंडी पडलीय तिकडं," ती म्हणाली.

उद्या रविवार आहे. पिशवी दारात आहे.