इंजिनवरची जागा

खोटं वाटेल. वाटू दे.

पण झामा माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. हे त्याच्याच अंगणात घडलं. बुलवरला, गेल्या जुलैत. आमच्याकडे, दक्षिण गोलार्धात, जुलै म्हणजे ऐन हिवाळा. पहाटे बादलीतलं पाणी गोठतं, आणि गाडी सुरू करायची तर आधी वाडवडिलांचं नाव घ्यावं लागतं.

झामा मेकॅनिक. घरामागचं अंगण हेच त्याचं गॅरेज. महिन्यापूर्वी त्याचा धाकटा भाऊ सिफिसो हॅरिस्मिथच्या घाटात अपघातात गेला होता. देह पुरला. मग रीतीप्रमाणे त्यांची आई घाटात जाऊन, रानबोरीची काटेरी फांदी हातात धरून, त्याच्या जीवाला घरी घेऊन आली.

तरी तिला झोप नव्हती.

"तो आलाच नाही रे घरी," ती रोज म्हणायची. "आला असता तर स्वप्नात आला असता. माझं पोर वाटेतच राहिलंय कुठेतरी."

"आई, तू दमलीयस," झामा म्हणायचा. दुसरं काय म्हणणार?

अशात मेन्झी आपली टॅक्सी घेऊन आला. मेन्झी सिफिसोचा जिवलग मित्र. आई घाटात गेली ती याच टॅक्सीतून.

"दादा, सकाळच्या पहिल्या स्टार्टला वाजते. खड खड खड खड... आणि मग गप्प."

"किती वेळ?"

"नाक शिंकरावं एवढा."

झामा हसला. "टायमिंग चेन. रात्रभरात तेल खाली उतरतं, सकाळी चेन सैल असते. तेल चढलं की गप्प बसते. स्वस्तातला फिल्टर टाकलास ना, चिंगूस?"

मेन्झी एरवी उलट टोमणा मारल्याशिवाय राहायचा नाही. त्या दिवशी मान खाली घालून उभा होता.

या मिनीबस टॅक्सीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. झामाने सीट उचलली. चांगला फिल्टर घातला, ताजं तेल भरलं. रात्रभर गाडी थंडीत उभी ठेवली.

पहाटे किल्ली फिरवली.

खड खड खड खड...

मग चेन ताणून धरणारा टेन्शनर बदलला. चेनही नवी घातली. दोन दिवस इंजिनात हात घालून बोटं सोलवटली.

पहाटे किल्ली फिरवली.

खड खड खड खड...

झामाचं डोकं फिरलं. पुन्हा एक रात्र गाडी थंडीत ठेवली. सकाळी सीट उचलून मेन्झीला किल्लीशी उभं केलं. स्वतः लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. आत काय वाजतंय ते असं बरोबर ऐकू येतं.

"मार स्टार्टर."

चेनच्या झाकणावर टेकवलं... नुसती घरघर. इंजिनच्या डोक्यावर टेकवलं... घरघर. खाली टेकवलं... घरघर.

इंजिनात आवाज नव्हताच.

खडखड मात्र चालूच होती, आज नेहमीपेक्षा जास्त वेळ. झामाच्या कानाशी. उचललेल्या सीटच्या जागी, इंजिनच्या वर, जिथे काहीच नव्हतं तिथे.

त्याने हळूच तिथे हात नेला... बर्फासारखी गार हवा. खाली इंजिन तापत होतं आणि वर गारठा.

मग इंजिन गरम झालं, आणि आवाज थांबला.

झामा म्हणतो, तो आवाज लोखंडाचा नव्हता. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाचे दात वाजतात ना? तसा होता.

"मेन्झी," तो म्हणाला. "आईला आणलंस त्या दिवशी काय झालं?"

मेन्झीला रडूच फुटलं.

फांदीशेजारची सीट सिफिसोची होती. तिचं भाडं आईने दिलं होतं. ती रिकामी ठेवायची, ही रीत. वाटेत वळण आलं, नदी आली की मेलेल्याला सांगायचं, आणि त्याच्याखेरीज कुणाशी बोलायचं नाही. आई सांगत होती. पण रडून रडून तिचा डोळा लागला. पेट्रोल पंपावर एक म्हातारा उतारू भेटला. थोडंच जायचं होतं त्याला. मेन्झीने त्याला त्या सीटवर बसवलं.

"आणि सिफिसोला काय म्हणालास?"

"नेहमीसारखी चेष्टा केली रे दादा... म्हटलं, सरक भावा, पुढे इंजिनवर बस. ऊब लागेल."

झामाने त्याच्या थोबाडीत मारली. मग त्यालाच मिठी मारून रडला.

आईला सांगितलं. ती चिडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. नवी फांदी तोडून आणली, आणि दुसऱ्या पहाटे टॅक्सीजवळ येऊन इंजिनवर धरली.

"ऊठ बाळा. आई आलीय. चल घरी. आता दार आलंय. आता उंबरा. वाक, डोकं आपटेल."

ती एकटीच बोलत आत गेली. पूर्वजांच्या जागी, आपल्या खोलीच्या मागच्या भिंतीशी, चटईवर फांदी ठेवली.

मेन्झीने किल्ली फिरवली.

गाडी एका दमात सुरू झाली. कसलाच आवाज नाही! झामाला वाटलं, सुटलो एकदाचे.

त्या रात्री आई पडल्या पडल्या झोपली. झामा तिच्याच खोलीत, दाराशी आडवा झाला.

पहाटे त्याला जाग आली. चूल विझलेली. बाहेर दहिवर पडलेलं.

मागच्या भिंतीशी...

खड खड खड खड...

झामाची हलायची छाती झाली नाही. आई मात्र उठली. अंगावरचं ब्लँकेट काढलं, चटईवरच्या फांदीवर पांघरलं, कडा नीट खोचल्या, आणि वरून हात फिरवत राहिली. पोर लहान असताना फिरवायची तसा.

आवाज थांबला.

"आला रे माझा," ती म्हणाली. हसत होती.

आता ती शांत झोपते. ब्लँकेट चटईवरच असतं. आम्ही सारे म्हणतो, बरं झालं, पोर घरी आलं.

झामा मात्र थंडी पडली की आमच्याकडे झोपायला येतो. मी एकदाच विचारलं, का रे?

"इंजिन तापलं की तो गप्प बसायचा," तो म्हणाला. "आता ब्लँकेट एक असलं तरी वाजतंय, दोन असली तरी वाजतंय. काल आई म्हणाली, तू शेजारी झोप त्याच्या. तुझी ऊब लागेल."